धाकटीचं चिकन

मंगळवार, ४ मार्च
दुकान, मागची खोली

धाकटे,

अनेक आशीर्वाद. मोठी असल्यामुळे द्यावेच लागतात, तेव्हा मुकाट घे. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे आईसारखेच, कुणाचं ऐकत नाहीत. तुझे भावजी कामावर जातात, येतात, जेवतात आणि झोपतात, तक्रारीला जागा ठेवत नाहीत. तुझे केक आणि तुझी ती साखरेची फुलं जोरात चालली असतीलच. तुझं काही वाईट चाललंय असं मी आजवर ऐकलेलं नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू हसतेस आणि मला काय सांगायचं होतं तेच मी विसरते. मग फोन ठेवल्यावर दिवसभर स्वतःशी भांडत बसते. कागदावर तुला हसता येत नाही, म्हणून कागद.

बातमी अशी की आपली ओळ पाडणार आहेत. शिंपीकाकांपासून औषधवाल्यापर्यंत सगळी दुकानं. इथे उंच इमारत होणार, खाली गाड्या आणि वर माणसं. आपल्या सगळ्यांना पुलापलीकडच्या नव्या संकुलात गाळे मिळणार आहेत. बिल्डरचा माणूस गोड बोलतो आणि येईल तेव्हा आपल्या चिकनचा मांडीचा तुकडा खाऊन जातो. किल्लीवाला आधी छाती ठोकून सांगत होता, मला इथून उचलूनच न्यावं लागेल. सगळ्यांच्या आधी जाऊन कोपऱ्यातला गाळा धरून बसला तो हाच. हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी आईने फळीवरची सगळी पातेली उतरवली आणि घासायला घेतली. तिला रडायचं असलं की घरातली भांडी चकचकीत होतात.

नवा गाळा लहान आहे. पुढे सगळी काच. संकुलाचा नियमच तसा आहे, गिऱ्हाइकाला स्वयंपाक दिसला पाहिजे. म्हणजे आपली मधली भिंत नाही, भिंतीतली ती हातभर खिडकी नाही आणि ही कोंदट मागची खोलीही नाही. रस्त्याने जाणाऱ्याला तळणारी बाई डोक्यापासून पायापर्यंत दिसणार. आणि जागा एकीपुरतीच. गल्ल्यावर आई, काचेमागे एक बाई, संपलं.

ती बाई म्हणजे मी, दुसरं आहे कोण? हे वाक्य मी सहज लिहिलं होतं. पुन्हा वाचलं तर तितकं सहज वाटत नाही.

तुला म्हणून सांगते, मी जाऊन बघून आले. बिल्डरच्या माणसाने किल्ली दिली, आई बाहेर कुणाशी तरी बोलत होती. मी आत जाऊन जिथे कढई येणार तिथे उभी राहिले. समोरून पिशवी घेऊन एक बाई चालली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला. मला वाटलं मागच्या कुणाला तरी असेल, पण मागे भिंत होती. मग मीही हलवला. इतक्या वर्षांत कुणी मला कामावर असताना बघितलं नव्हतं. मला ते फार आवडलं, धाकटे. इतकं आवडलं की मला माझीच लाज वाटली.

बोर्डाचं काय करायचं ते अजून ठरत नाही. त्यावर तूच आहेस, तंगडी हातात घेऊन, दोन दात पडलेले. रंगाऱ्याने काढलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. त्याने मलाही काढू का विचारलं तर आई म्हणाली, दोघी कशाला, गर्दी होईल. तेव्हापासून दुकान धाकटीचं झालं ते झालंच. आता बिल्डरवाल्यांना तेच चित्र मोठं करून नव्या गाळ्यावर लावायचंय. पडलेल्या दातांसकट. मी म्हटलं, पोरगी मोठी झाली आता. तो म्हणाला, ताई, लोकांना तेच पाहिजे.

वर्तमानपत्रातून एक मुलगीही येऊन गेली, जुन्या दुकानांवर लिहायला. आई तिच्याशी दुपारभर बोलली. धाकटी कशी स्टुलावर चढून तळायची, धाकटीला तेलाचा आवाज ऐकूनच कसं कळायचं, धाकटी कशी खिडकीतून डोकं काढून गिऱ्हाइकांची चेष्टा करायची. मी आत पीठ चाळत होते. चाळण जरा जोरात आपटली असेन, तर आई म्हणाली, आत कामं चाललीत. कात्रण पाठवते आहे. फोटो बरा आलाय. त्यात हातच दिसतात, पण बरा आलाय.

शेवटच्या दिवशी, एकतीस मार्चला, यायचं मनात आणू नकोस. गर्दी होईल, तुझी दगदग होईल, आणि तू आलीस की आई दुकान बंद ठेवते हे तुला ठाऊकच आहे. तू चार दिवस राहिलीस तर चार दिवस शटर खाली. माझ्या लग्नाच्या दिवशी मात्र तिने संध्याकाळी उघडलं होतं. मी काही म्हणत नाही, आपली एक आठवण झाली.

आता ताकात तुकडे घालायला उठलं पाहिजे.

सगळं ठीक आहे असं लिहिणारी,
ताई


रविवार, १६ मार्च
घरी, भावजी झोपलेत

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. इतकं चटकन उत्तर तू जन्मात कधी दिलं नव्हतंस. आशीर्वाद वगैरे आहेतच.

तू बरोबर ओळखलंस. फोटोतल्या बाईचा पिठाचा हात डावा आहे. ताकाचा हात डावा आणि पिठाचा उजवा, असं आईने आपल्याला शिकवलं. ओला हात पिठात गेला नाही पाहिजे, कोरडा ताकात गेला नाही पाहिजे. मी डावखुरी, म्हणून माझं उलटं. त्यावरून लहानपणी मी किती बोलणी खाल्ली ते तू बघितलंयस. तेव्हा ते हात माझेच आहेत. आणि खाली छापलंय, 'धाकटीचे जादूचे हात'. तू विचारतेस की छापणाऱ्याची चूक झाली का.

चूक झालेली नाही. बस आता आणि वाच.

तू त्या मोठ्या हॉटेलात नोकरीला गेलीस, तेव्हा सकाळच्या गाडीने गेलीस, कुणाला न सांगता. माझं लग्न त्याआधीच झालं होतं. गिऱ्हाइकांना एवढंच माहीत की थोरली लग्न होऊन गेली. मी रोज मागच्या बोळातून येते, मागच्या बोळातून जाते, हे त्यांना कुठून कळणार? तू गेलीस त्या दिवशी मी कढईपाशी उभी राहिले. दुपारी कुणीतरी खिडकीत ओरडलं, "धाकटे, जरा कुरकुरीत दे गं." मी आईकडे बघितलं. वाटलं, ती सांगेल. तिने गल्ल्याकडे मान वळवली. पुन्हा हाक आली. मग मी तुझ्यासारखंच म्हटलं, "आलं गं बाई, आलं." तुझ्याच चालीवर. आपला आवाज लहानपणापासून सारखा, फोनवर बाबासुद्धा फसायचे.

झालं ते एवढंच. मला वाटलं एक दिवसाचं आहे. आई म्हणाली, आठवडाभर चालव, लोकांना एकदम सांगितलं तर तुटतील. तो आठवडा अजून संपलेला नाही. धाकटी आता खिडकीतून डोकं का काढत नाही, असं कुणी विचारलं की आई म्हणते, मोठी झाली, लाजते. मी लाजते, धाकटे. पिठाने माखलेली, केस पिकलेली मी तुझ्या वतीने लाजत बसलेली असते.

तू येतेस तेव्हा दुकान बंद का असतं ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. तुला वाटायचं कौतुकाने. थोडं कौतुक असेलही, आईला तुझं कौतुक कधी कमी पडलेलं नाही. पण तू ओट्यावर गप्पा मारत बसलीस आणि आतून चिकन येत राहिलं, तर लोक काय म्हणतील हे खरं कारण. शिंपीकाकांना सगळं माहीत आहे. ते आईला घाबरतात आणि आठवड्यातून एकदा फुकट जेवतात, त्यामुळे त्यांचं तोंड दोन्हीकडून बंद आहे.

मला कशाचा त्रास होतो ते सांगू? कामाचा नाही. लोक माझ्या हातचं खातात, बोटं चाटतात आणि म्हणतात, धाकटीच्या हाताला तोड नाही. मी आत ऐकते. पहिली काही वर्षं मला बरं वाटायचं, कौतुक तर आहे ना, नाव कुणाचं का असेना. मग एक दिवस वाटेनासं झालं. एखादी घरी नसते, तर तिची आठवण येते. तू मात्र घरी नसून रोज समोर असतेस. तू तिकडे साखरेची फुलं करत असतेस आणि इकडे मी तुझी कीर्ती वाढवत असते. तू चिकनला हात लावून किती वर्षं झाली? तरी माझ्यापेक्षा चांगलं तूच तळतेस. तुझ्याशी स्पर्धा तरी कशी करायची, सांग. तू चुकत नाहीस, तुझा हात भाजत नाही, तुझं वय वाढत नाही. मी जळते तुझ्यावर. लिहून टाकलं. बरं वाटलं असंही नाही.

आता आईचा निरोप. हा निरोप मागच्या पत्रातच द्यायचा होता, म्हणून तर तिने मला पत्र लिहायला बसवलं होतं. मी बाकी सगळं लिहिलं आणि तेवढं गाळलं. पाठवलंस का, असं तिने विचारलं तर मी हो म्हटलं.

नव्या गाळ्याला काच आहे. काचेमागे मी दिसले तर लोक म्हणतील, ही कोण? म्हणून आईचं म्हणणं की तू परत यावंस आणि काचेमागे उभं राहावंस. बोर्डावर तू, काचेत तू, मग कुणी काही विचारणार नाही. तळायला तुला हळूहळू आठवेल म्हणते. तोवर मी संकुलाच्या तळघरात, सामानाच्या खोलीत सगळं तयार करून वर पाठवायचं. हे ती मला मसाल्याचा डबा शोधता शोधता म्हणाली. वर म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नकोस, तू समजूतदार आहेस."

तर, आईने विचारलंय, येतेस का? निरोप पोचवला. माझं काम झालं.

आता माझं स्वतःचं सांगते. नाही म्हण. तुझ्याकडे तुझं काम आहे, तुझी माणसं आहेत. मला त्या काचेमागे उभं राहायचंय. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, लहानपणी माझी रिबीन नेलीस तीसुद्धा नाही. हे मागते आहे.

तुझी,
ताई


गुरुवार, ३ एप्रिल
जुनं दुकान, रिकामं

अगं,

तुला धाकटे म्हणायला सध्या जीभ वळत नाही, म्हणून नुसतं अगं.

तुझं उत्तर येईल म्हणून मी रोज पोस्टमनची वाट बघितली. तू उत्तर लिहिलं नाहीस. तू सोमवारी, दुकानाच्या शेवटच्या दिवशी, स्वतः आलीस.

त्या दिवशी रांग औषधवाल्याच्या पुढे वळणापर्यंत गेली होती. मी सकाळपासून तळत होते. दोन्ही कढया चालू, मदतीला कुणी नाही, कारण बाहेरचं माणूस आत घेतलं तर सगळं उघडं पडलं असतं. खिडकीतून माणसं एकेक करून निरोप घेत होती. धाकटे, नव्या जागी येऊ बरं का. धाकटे, माझ्या मुलाने पहिला दात पडला तेव्हा तुझ्या हातची तंगडी खाल्ली होती. एक म्हातारे गृहस्थ खिडकीत हात घालून म्हणाले, "हात दे बाळ, एकदा." मी दिला. पिठाचा डावा हात पुढे गेला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि रडले. मीही रडले, पण माझं रडणं वेगळ्या कारणाचं होतं, हे त्यांना कसं सांगू?

त्यानंतर थोड्या वेळाने हाक आली, "धाकटे, मानेचे तुकडे आहेत का गं?"

मी सवयीने म्हटलं, "आलं गं बाई, आलं." झारा हातात होता, तो तसाच राहिला. मान आपण कधी विकली नाही. मान आपल्या दोघींची असायची, सगळं आवरल्यावर ओट्यावर बसून खायची. बाहेरच्या कुणाला ते माहीत नाही. तेवढ्यात तू खिडकीपाशी तोंड आणून हळूच म्हणालीस, "माझ्यापेक्षा बरं ओरडतेस." आणि हसलीस.

मी वाकून बघेपर्यंत खिडकीत दुसरंच कुणीतरी होतं.

मी झारा टाकला आणि मागच्या दाराने धावले. बोळातून वळसा घालून पुढे आले. तू दिसली नाहीस. शिंपीकाका म्हणाले, हिरव्या कोटातली एक बाई खांबाला टेकून काहीतरी खात होती, आत्ताच पुलाकडे गेली, डोळे पुसत होती, पण मसाल्याने असेल. मी रांगेतून पुढे सरकायला लागले, पुलाकडे जायला दुसरी वाट नव्हती. तर एक जण आडवा आला.

"ओ मावशी, रांग आहे."

"मला जाऊ द्या. मी आत काम करते."

"आत धाकटी असते. आम्ही काय आजचे गिऱ्हाईक आहोत का?"

मी म्हटलं, "मी तिची मोठी बहीण." एवढंच सुचलं. खरं सांगायची वेळ आली आणि तोंडातून तुझंच नातं बाहेर पडलं.

त्या माणसाचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने मागच्यांना सांगितलं, अहो, या थोरल्या, लग्न होऊन गेल्या होत्या त्या. सगळे बाजूला झाले. एका बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "शेवटच्या दिवशी तरी आलात, बरं केलंत. आत जाऊन तिला जरा हातभार लावा. सकाळपासून एकटी मरते आहे बिचारी."

काय सांगू तुला. मला हसावं की तिला एक ठेवून द्यावी ते कळेना.

तेवढ्यात आत काहीतरी करपल्याचा वास सुटला. आई गल्ल्यावरून खिडकीकडे वळून ओरडली, "धाकटे, कढई बघ." आतून आवाज आला नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग तिने समोर बघितलं, तर मी लोकांच्या मध्ये उभी. आमची नजरानजर झाली. तिने एकच शब्द बोलायला हवा होता. ही आतली, असं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती उठली, गुडघ्यावर हात टेकत टेकत, आणि स्वतः आत गेली. तो अख्खा घाणा करपला होता. तिने तोच बाहेर दिला. लोकांनी खाल्ला. त्या आडव्या आलेल्या माणसाने तोंडात घोळवून सांगितलं, "आज धाकटीचं लक्ष लागत नाही. जीव तुटत असणार पोरीचा." माझं चांगलं तर तुझं होतंच, माझं करपलेलंही तुझ्या खात्यावर गेलं.

पुलापर्यंत गेले मी. तू नव्हतीस.

संध्याकाळी शटर ओढल्यावर आई म्हणाली, "बाहेर कशाला गेलीस?" मी म्हटलं, "धाकटी आली होती." तिने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "कुणी ओळखलं का तिला?"

तेव्हा मी बोलले. नव्या गाळ्यात काचेमागे मी उभी राहणार आणि मी म्हणूनच उभी राहणार, असं सांगितलं. ती म्हणाली, "लोक विचारतील, धाकटी कुठे गेली. मी काय सांगू?"

"गेली म्हणून सांग."

"कधी गेली?"

"गेली तेव्हा गेली."

"मग इतकी वर्षं कोण तळत होतं?"

"तेच सांग की."

तिने एक पातेलं ओढलं आणि घासायला लागली, ते आधीच घासलेलं होतं. मग खाली मान घालून म्हणाली, "अगं, तू होतीस म्हणून हे चाललं. दुसरी कुणी असती तर लोकांनी पहिल्याच घासाला ओळखलं असतं. तिच्याहून काकणभर चढच आहे तुझं. म्हणून तर कुणाला काही कळलं नाही." इतक्या वर्षांत तिने माझं केलेलं हे पहिलं कौतुक. तेही असं, की मी कुणाच्या लक्षात आले नाही. तरी मला ते हवं होतं. घरी येऊन मी तुझ्या भावजींना दोनदा सांगितलं.

पण ती पुढे म्हणाली, "या वयात चारचौघांत मला खोटारडी म्हणवून घ्यायचं नाही. तू काचेमागे उभी राहणार असलीस तर मी गल्ल्यावर बसणार नाही." तिचंही चूक नाही. ती रोज त्या लोकांच्या डोळ्यांत बघून बोललीये, मी भिंतीआड होते. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तुला ती फोन करणार आहे. मी निरोप नीट पोचवला नसणार, असा तिला संशय आहे, आणि तो खराच आहे. तेव्हा ती तुला स्वतः विचारेल, ये म्हणेल, कदाचित रडेल. तिचं रडणं मी बघितलेलं नाही, तुझ्यासाठी राखून ठेवलं असेल.

नवा गाळा रविवारी, तेरा तारखेला उघडतोय. बोर्ड लागलाय. तू, तंगडी, पडलेले दात, सगळं माणसाच्या उंचीएवढं. तो बदला असं मी म्हटलं नाही, म्हणून आईला वाटलं माझं मन बदललं. मला तो काढून टाकायचा नाही. ती पोरगी खरंच होती, मी तिच्या शेजारी उभी होते.

मी त्या दिवशी काचेमागे उभी राहणार. कुणी म्हणो, न म्हणो. लोक बोर्डाकडे बघतील, माझ्याकडे बघतील आणि विचारतील, ही कोण? आई सांगणार नाही. मी सांगितलं तर विश्वास ठेवणार नाहीत, सोमवारी मी सांगून बघितलं. माझं सांत्वन करून मला आत पाठवतील.

त्यांचा विश्वास बसेल अशी एकच आहे. मी खूप विचार केला, दुसरं कुणी सापडतं का म्हणून. सापडलं असतं तर हे पत्र तुला लिहिलं नसतं.

तर तू ये. मागच्या पत्रात नाही म्हण असं लिहिलं होतं, ते अजून तसंच आहे, कढईला हात लावायचा नाही. पण ये. हिरवा कोट घाल, शिंपीकाका ओळखतील. गर्दी पूर्ण जमली की काचेपाशी ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशी उभी राहा आणि त्यांना सांग की धाकटी तू आहेस. ते तुझं ऐकतील. तुझंच ऐकतात, यावर तर माझं आयुष्य गेलं. मग मला हाक मार. मी तुझ्यासारखं उत्तर देणार नाही. मला कसं उत्तर देता येतं ते मलाच बघायचंय.

माझी जागा मला तुझ्या हातून घ्यावी लागते, याचा मला इतका राग येतो की हे पत्र मी फाडून पुन्हा लिहिलंय. तू सोमवारी का रडलीस ते विचारणार होते. आता विचारत नाही, समोर आलीस की बघू.

वाट बघणारी, आणि अजूनही तुझ्यावर जळणारी,
तुझी थोरली